काळ्या तेलाला भाव आहे, हीच अडचण

गाडीचं ऑइल घरी बदलणं हे तसं अर्ध्या तासाचं काम. इंजिन पाच मिनिटं चालवून कोमट करायचं, खाली पसरट ट्रे सरकवायचा, पान्याने ड्रेन बोल्ट सैल करायचा आणि हात झटकन बाजूला घ्यायचा. आधी जोरात धार येते, मग ती बारीक होते, मग नुसते थेंब. फिल्टर काढला की आणखी वाटीभर तेल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं. नवा वॉशर, नवा फिल्टर, नरसाळं लावून नवं तेल, डिपस्टिक पुसून दोनदा पाहायची, झालं. इथवरचं सगळं गाडीच्या माहितीपुस्तिकेत चित्रांसकट दिलेलं असतं. ट्रेमध्ये साठलेल्या चार लिटर काळ्या तेलाचं काय करायचं, यावर मात्र एखादीच ओळ: स्थानिक नियमांनुसार विल्हेवाट लावावी.

हे स्थानिक नियम शोधायला मी एकदा बसलो. चार लिटर तेल तेव्हा जिन्याखाली एका जुन्या कॅनमध्ये होतं. नागरी कार्यालयात फोन केला. पहिल्या टेबलावरून उत्तर आलं, हा घातक कचरा आहे, आमच्याकडे येत नाही. दुसऱ्या टेबलाने सांगितलं, घातक कचऱ्याचा विभाग फक्त कारखान्यांचं बघतो, घरातलं तुमच्या कचरागाडीला विचारा. तिसरा माणूस समजूतदार निघाला. म्हणाला, “साहेब, कशाला डोक्याला ताप करून घेता? भंगारवाल्याला द्या, वर पैसे मिळतील.” भंगारवाल्याने कॅन हलवून पाहिला आणि एवढ्याशा तेलासाठी यायला परवडत नाही, पिंप भरलं की बोलवा, म्हणून निघून गेला. कॅन परत जिन्याखाली. दीड वर्ष तिथेच होता.

त्या तिसऱ्या माणसावर माझा राग नाही. वापरलेल्या तेलाबाबत बहुतेक पालिकांचं जे धोरण आहे ते त्याने एका वाक्यात सांगितलं, इतकंच. काळ्या तेलाला भाव आहे, म्हणजे कोणीतरी ते घेऊन जाईल, म्हणजे आपण त्यात पडायला नको. माझं म्हणणं याच्या बरोबर उलट आहे. भाव आहे म्हणूनच पालिकेने यात पडायला हवं. बाजार सोपा माल उचलतो आणि अवघड माल मागे ठेवतो. गॅरेजच्या कोपऱ्यातलं भरलेलं पिंप सोपं, माझा कॅन अवघड. आणि उचललेलं पिंप पुढे कुठे गेलं, हे विचारण्याचं बाजाराला काही कारण नसतं. मागे राहिलेला कॅन आणि पुढे गेलेलं पिंप, दोन्ही पालिकेच्या पदरात पडतात. एक गटारातून, दुसरं धुराड्यातून.

आधी हे तेल म्हणजे काय ते पाहू, कारण सगळा वाद तिथूनच सुरू होतो. इंजिन ऑइलचा तीन चतुर्थांशाहून मोठा भाग म्हणजे मूळ वंगण, ज्याला या धंद्यात बेस ऑइल म्हणतात. उरलेली रसायनं: झीज रोखणारं जस्त आणि फॉस्फरसचं संयुग, काजळी तळाशी बसू न देणारं एखादं, फेस मोडणारं एखादं. वापरात ही रसायनं संपत जातात. बेस ऑइल संपत नाही, ते मळतं. त्यात धातूचा कीस येतो, काजळी येते, न जळलेलं इंधन आणि पाणी येतं, आणि ज्वलनात तयार होणारी बहुवलयी कर्बसंयुगं येतात, ज्यांतली काही कर्करोगाला कारण ठरतात. युरोपीय संघाने 2019 साली कामगारांच्या संरक्षणाच्या नियमात इंजिनमध्ये वापरलेल्या तेलाचा त्वचेला होणारा संपर्क कर्करोगकारक कामांच्या यादीत घातला. मेकॅनिकचे कायम काळे असणारे हात आपण कष्टाची खूण म्हणून पाहतो. त्या यादीने त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं.

अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था एक आकडा गेली कित्येक वर्षं सांगत आली आहे: एका ऑइल चेंजमधून निघालेलं तेल दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे 38 लाख लिटर गोडं पाणी खराब करू शकतं. असे गोलमटोल आकडे मला जरा संशयास्पदच वाटतात. पण गणित करून पाहिलं तर एक गॅलन तेल दहा लाख गॅलन पाण्यात म्हणजे दहा लाखांत एक भाग, आणि तेवढ्या तेलाने पाण्याला वास लागतो. वास लागलेलं पाणी कोणी पीत नाही. शिवाय रस्त्याकडेचं पावसाळी गटार पुष्कळ ठिकाणी प्रक्रिया केंद्राकडे जातच नाही, थेट ओढ्याला मिळतं. जिथे मैलापाण्याच्या केंद्राला जोडलेलं असतं तिथे तेलाचा थर पाणी आणि हवेच्या मध्ये येतो, आणि मैला खाणारे जिवाणू गुदमरतात. मग केंद्र सावरायचा खर्च कोणाचा? ज्यांनी “भंगारवाल्याला द्या” म्हणून फोन ठेवला त्यांचाच.

त्याच संस्थेचा दुसरा आकडा जास्त कामाचा आहे. अडीच क्वार्ट, म्हणजे साधारण 2.4 लिटर वंगण मिळवायला कच्चं तेल लागतं एक पिंप, 42 गॅलन. तेवढंच वंगण वापरलेल्या एक गॅलन तेलातून मिळतं. तुलना थोडी एकतर्फी आहे, कारण कच्च्या तेलाच्या त्याच पिंपातून पेट्रोल, डिझेल आणि बाकी बरंच काही निघतं. पण ऊर्जेचा हिशेबही त्याच बाजूने झुकतो: कच्च्या तेलापासून वंगण बनवायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या साधारण एक तृतीयांशात वापरलेलं तेल पुन्हा वंगण होतं. म्हणजे माझ्या जिन्याखाली कचरा नव्हता, मळलेला कच्चा माल होता.

कच्चा माल म्हटलं की बाजार आला, आणि या तेलाच्या बाजाराने कुठवर मजल मारली ते टाइम्स बीचच्या गोष्टीत दिसतं. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातलं हे दोनेक हजार वस्तीचं गाव. रस्ते मातीचे, उन्हाळ्यात धुळीने जीव नकोसा. सगळे रस्ते डांबरी करायला गावाकडे पैसे नव्हते. म्हणून 1972 ते 1976 या काळात गावाने एका टँकरवाल्याला रस्त्यांवर जुनं तेल मारण्याचं कंत्राट दिलं. धूळ बसली, लोक खूश. हाच टँकरवाला एका रासायनिक कारखान्यातला गाळ उचलण्याचंही काम घेत होता, आणि तो गाळ त्याने तेलात मिसळला होता. त्या गाळात डायॉक्सिन हे अत्यंत विषारी रसायन होतं. 1971 सालीच त्याने तेल मारलेल्या घोड्यांच्या रिंगणांत घोडे मेले होते. पण त्याचा रस्त्यांशी संबंध जोडायला पुढची बरीच वर्षं गेली. 1982 च्या डिसेंबरात पूर आला, त्याच सुमारास मातीच्या तपासणीचे निष्कर्ष आले, आणि 1983 च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने अख्खं गाव विकत घेण्याची घोषणा केली. 1985 मध्ये गाव कागदावरूनही पुसलं गेलं. पुढे 1996-97 मध्ये भट्टी उभारून दूषित माती जाळली. आज तिथे उद्यान आहे.

या गोष्टीत तेल कोणी चोरून टाकलं नव्हतं. कारखान्याला गाळ नको होता, टँकरवाल्याला माल हवा होता, गावाला धूळ बसवायची होती. प्रत्येकाने आपापला स्वस्त सौदा केला. आणि शेवटचा गिऱ्हाईक होता खुद्द गावचा कारभार. तेल कुठून आलं हे त्याने विचारलं नाही, जसं आज तेल कुठे जातं हे आपण विचारत नाही. जुनं तेल ‘कामाला येतं’ ही समजूत अजूनही पक्की आहे. सेंट्रिंगच्या फळ्यांना लावतात, वाळवीसाठी लाकडाला चोपडतात, साखळ्यांवर ओततात, अंगणात शिंपडतात. टाकून न देता वापरल्याचं समाधान मिळतं आणि तेल मात्र शेवटी मातीतच जातं.

मग याला सरळ घातक कचरा ठरवून कडक नियम का लावू नयेत? हा प्रश्न अमेरिकेत सात वर्षं लढला गेला आणि त्यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. 1985 साली पर्यावरण संस्थेने वापरलेल्या तेलाला घातक कचऱ्याच्या यादीत घालण्याचा प्रस्ताव मांडला. पुनर्वापराच्या धंद्यातले लोक ओरडले: हा शिक्का बसला तर एकही गॅरेज लोकांचं तेल घेणार नाही, एकही वाहतूकदार हात लावणार नाही. 1986 मध्ये संस्थेने माघार घेतली आणि कारण दिलं ते या ‘कलंका’चं. 1988 मध्ये न्यायालयाने सुनावलं की कलंकाची भीती हे कारण कायद्यात कुठेच बसत नाही, पुन्हा विचार करा. अखेर 1992 मध्ये मधला मार्ग निघाला. पुनर्वापरासाठी जाणारं तेल घातक कचरा नाही. पण त्याची टाकी गळकी चालणार नाही, तिच्यावर ‘वापरलेलं तेल’ असं ठळक लिहिलं पाहिजे, वाहतुकीची नोंद राहिली पाहिजे, आणि त्यात क्लोरीनसारख्या हॅलोजनांचं प्रमाण दहा लाखांत 1,000 भागांवर गेलं, तर त्यात घातक कचरा मिसळला आहे असं धरलं जाईल, मिसळलेला नाही हे सिद्ध करणं तुमच्याकडे. मला ही तडजोड शहाणपणाची वाटते. नियम आवळला की तेल रात्री गटारात जातं, सैल सोडला की टाइम्स बीच होतं. मधली जागा अरुंद आहे, पण आहे.

त्या अरुंद जागेत पालिकेने काय करायचं? सगळ्यात आधी दोन प्रवाह वेगळे ओळखायचे. गॅरेजं, बस आगारं, कारखाने यांचं तेल मोठं असतं, एका जागी असतं, त्याला गिऱ्हाईक असतं. तिथे गोळा करण्याचा प्रश्न नाही, ते कुठे जातं याचा आहे. घरी ऑइल बदलणारे, शेतात ट्रॅक्टर असलेले, जनरेटर किंवा होडीचं इंजिन स्वतः सांभाळणारे, यांचं तेल थोडं-थोडं आणि विखुरलेलं. तिथे प्रश्न फक्त गोळा करण्याचा. पालिका या दोघांवर एकच उपाय करतात, तो म्हणजे जनजागृती. फलक लागतो, त्यावर हिरवं पान आणि तेलाचा थेंब, खाली ‘तेल गटारात टाकू नका’. बरं, नाही टाकत. मग कुठे टाकू? याचं उत्तर फलकावर नसतं.

घरगुती तेल परत यावं असं वाटत असेल तर ते द्यायची जागा नवं तेल घ्यायच्या जागेइतकी जवळ हवी. जर्मनीत नियमच आहे: ग्राहकाला इंजिन ऑइल विकणाऱ्याने तेवढंच वापरलेलं तेल फुकट परत घेण्याची सोय करायची. मला हा नियम फार आवडतो, कारण त्यात माणसाच्या आळसाचा विचार केलेला आहे. नवा डबा आणायला जाताना जुना कॅन न्यायचा, एकाच खेपेत काम. कॅलिफोर्नियाने 1991 च्या कायद्याने थोडी वेगळी वाट धरली. वंगण बनवणाऱ्यांकडून प्रत्येक गॅलनमागे शुल्क घ्यायचं, त्यातून प्रमाणित संकलन केंद्रांना आणि स्थानिक संस्थांना पैसे द्यायचे. ही केंद्रं बहुतेक ठिकाणी सुट्या भागांची दुकानं आणि गॅरेजंच असतात. तेल आणून देणाऱ्याला गॅलनमागे 40 सेंट देण्याची तयारी त्यांना ठेवावी लागते. तेवढ्या पैशांसाठी कोणी गाडी काढत नसेल. पण दुकानदार तोंड वाकडं न करता कॅन घेतो, हे खरं बक्षीस.

वेळेचाही एक मुद्दा आहे, क्षुल्लक वाटेल असा. ऑइल रविवारी बदललं जातं. पालिकेच्या संकलन केंद्राला रविवारी सुट्टी असते. कामाच्या दिवशी दहा ते पाच, ओळखपत्र दाखवा, अर्ज भरा, राहण्याचा पुरावा द्या. चार लिटर तेल घेऊन गेलेल्या माणसाला गुन्हेगारासारखं वाटावं अशी ही व्यवस्था. दुसऱ्यांदा तो येणार नाही, आणि मग कागदावर लिहिलं जाईल की प्रतिसाद अल्प मिळाला, केंद्र बंद करण्यात येत आहे.

आता पैशाचं. काळ्या तेलाच्या विक्रीतून संकलनाचा खर्च निघावा, ही अपेक्षा पालिकेच्या अर्थ विभागाला फार मोहक वाटते. काही वर्षं तो निघतोही. पण या तेलाचा भाव कच्च्या तेलाच्या भावाला बांधलेला आहे, कारण बरंचसं काळं तेल स्वस्त इंधन म्हणून विकलं जातं. 2014 च्या मध्याला पिंपाला शंभर डॉलरच्या वर असलेलं कच्चं तेल 2016 च्या सुरुवातीला तिसाच्या खाली आलं. काल पैसे देऊन पिंप नेणारा संकलक तेव्हा उचलण्याचेच पैसे मागू लागला. त्याचं चुकलं असं नाही. वाहतुकीचा खर्च तोच आणि मालाला किंमत नाही. पण लोक ऑइल बदलायचं काही थांबवत नाहीत. उलट इंधन स्वस्त झालं की गाड्या जास्त पळतात. म्हणजे तेल सगळ्यात जास्त निघतं नेमकं तेव्हाच ते उचलणारा नाहीसा होतो. भंगाराच्या भावावर उभी केलेली सेवा दर काही वर्षांनी अशी कोसळणारच. मैलापाण्याची व्यवस्था आपण खताच्या भावावर चालवतो का?

म्हणून पैसा नव्या तेलातून यायला हवा, जुन्यातून नव्हे. इटलीत 1984 पासून उत्पादकांच्या पैशावर चालणारा एक राष्ट्रीय संघ देशभरातलं तेल गोळा करतो, आणि त्यातलं जवळपास सगळं पुन्हा वंगण बनवायला जातं. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात 1997 पासून नवं तेल, फिल्टर आणि रिकामे डबे या तिन्हींवर विक्रीच्या वेळीच पर्यावरण शुल्क लागतं. भारतानेही 2023 साली घातक कचऱ्याच्या नियमांत दुरुस्ती करून वापरलेल्या तेलाच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली; 1 एप्रिल 2024 पासून ती लागू झाली, पाच टक्क्यांपासून सुरुवात करून वर्षागणिक वाढत जाणारी उद्दिष्टं आहेत. हे सगळं वरच्या पातळीवरचं. पण उत्पादकाने भरलेला पैसा शेवटच्या टोकाला, कोपऱ्यावरच्या टाकीपर्यंत पोहोचवायचा तर टाकी ठेवायला कोणीतरी हवं. उत्पादक ती सोय गॅरेजांच्या वस्तीत करील. तिथे एका फेरीत टँकर भरतो. शहराच्या कडेच्या वसाहतीत, खेड्यात तो का जाईल? तिथे पालिका किंवा पंचायत लागते, आणि तिने हक्काने त्या पैशातला वाटा मागायला हवा.

टाकी ठेवायला पालिका घाबरतात आणि ती भीती पोकळ नाही. समजा कोपऱ्यावर हजार लिटरची टाकी आहे. कोणीतरी जुन्या ट्रान्सफॉर्मरमधलं पीसीबी, म्हणजे क्लोरीन असलेलं एक विषारी, तेलकट रसायन आणून त्यात ओतलं, फक्त 50 मिलिलिटर, औषधाच्या छोट्या बाटलीएवढं. झालं दहा लाखांत 50 भाग. अमेरिकेच्या नियमात इथून पुढे पीसीबीचे कडक निर्बंध लागू होतात. हजार लिटर कच्च्या मालाचा हजार लिटर विषारी कचरा झाला, आणि तो जाळून नष्ट करायचा खर्च टाकी ठेवणाऱ्याच्या माथी. रोज घडणारा प्रकार याहून साधा असतो: ब्रेक साफ करायचा क्लोरीनयुक्त फवारा, थिनर, उरलेलं कीटकनाशक, कूलंट. मिसळणाराला वाटतं सगळं एकाच जातीचं, तेलकट. 1999 साली बेल्जियममध्ये पशुखाद्यासाठी गोळा केलेल्या चरबीच्या साठ्यात पीसीबी मिसळलं गेलं, आणि कोंबड्या, अंडी, दूध करता करता प्रकरण इतकं चढलं की दोन मंत्र्यांना राजीनामे द्यावे लागले. गोळा करण्याच्या कुठल्याही व्यवस्थेचा कच्चा दुवा हाच.

यावर उपाय आहेत आणि ते महागडे नाहीत. टाकीला कुलूप आणि समोर माणूस. झाकण उघडून वास घेणारा, रंग पाहणारा, “यात आणखी काही टाकलंय का?” एवढं विचारणारा माणूस. थोडं तेल तपासून हॅलोजन आहे की नाही हे सांगणारे छोटे संच मिळतात. मोठ्या टाकीऐवजी दोन-तीन लहान पिंपं, एक बिघडलं तर एकच बिघडावं. आणि टँकरमध्ये भरण्याआधी प्रत्येक पिंपाचा एक नमुना बाटलीत काढून, तारीख टाकून ठेवायचा. तक्रार आली तर बाटली बोलते. तरीही कधीतरी एखादं पिंप बिघडेल. तेव्हा प्रामाणिकपणे तेल घेणाऱ्याला वाऱ्यावर सोडायचं नाही. दूषित स्थळांच्या सफाईच्या अमेरिकन कायद्यात घरगुती तेल स्वीकारणाऱ्या गॅरेजवाल्यांना, त्यांनी नियम पाळले असतील आणि त्यात दुसरं काही मिसळलं नसेल तर, जबाबदारीतून सूट आहे. कॅलिफोर्नियात बिघडलेल्या साठ्याचा खर्च भरून देण्याची तरतूद केली गेली. ही विम्याची हमी मिळाली तर कोपऱ्यावरचा गॅरेजवालाच पालिकेचं केंद्र होईल. नाही मिळाली तर ‘येथे जुने तेल स्वीकारले जात नाही’ ही पाटी लागेल.

माझा कॅन शेवटी अशाच एका गॅरेजने घेतला. मालकाने पैसे घेतले नाहीत, दिलेही नाहीत, मागच्या पिंपात ओतून कॅन मला परत दिला. मी विचारलं, हे पिंप कुठे जातं? “गाडी येते, नेते.” कुठली गाडी? “येते एक.” त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य होतं, इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी विचारला नसावा.

त्या गाडीच्या दोन वाटा असतात. एक भट्टीकडे. काळं तेल गाळून किंवा न गाळताच जाळायचं. त्यातले धातू जळत नाहीत, ते धुरात किंवा राखेत जातात. उष्णता मिळते, धंदा होतो, आणि कागदावर ‘पुनर्वापर’ लिहिता येतं. दुसरी वाट पुनर्शुद्धीकरणाची. तेल तापवून आधी पाणी आणि हलकं इंधन काढायचं, मग निर्वातात ऊर्ध्वपातन करून वंगणाचा भाग वेगळा करायचा, शेवटी हायड्रोजनची प्रक्रिया देऊन गंधक वगैरे काढायचं. तळाचा डांबरासारखा गाळ डांबरातच कामाला येतो. या वाटेने निघालेलं वंगण नव्याच्याच चाचण्या पार करतं. पुनर्शुद्धीकरणाचं नाव लावून चालणारी एक जुनी पद्धतही आहे, गंधकाम्ल आणि मातीची; ती तेल साफ करते आणि मागे आम्लाचा असा चिखल सोडते की आधीचं काळं तेल बरं वाटावं. म्हणून ‘परवानाधारक पुनर्वापरकर्ता’ एवढ्या शब्दांवर समाधान मानू नये. कुठल्या पद्धतीने, हे विचारावं.

बाजाराला मोकळं सोडलं तर गाडी भट्टीकडे वळते, कारण ती जवळ असते आणि तिला फार काही विचारायचं नसतं. ऑस्ट्रेलियाने 2001 साली सुरू केलेल्या योजनेत हे ओळखलं होतं. पुनर्शुद्ध बेस ऑइलला लिटरमागे 50 सेंट अनुदान, आणि खालच्या प्रतीच्या जळाऊ तेलाला फक्त 3 सेंट. युरोपात 1987 च्या दुरुस्तीने पुनर्शुद्धीकरणाला अग्रक्रम दिला, तरी देश चालढकल करत राहिले. 1999 मध्ये युरोपीय न्यायालयाने खुद्द जर्मनीला या अग्रक्रमासाठी आवश्यक ते केलं नाही म्हणून दोषी ठरवलं. दुकानदाराला जुनं तेल घ्यायला लावणाऱ्या देशाचीही ही गत. गोळा करणं आणि त्याचं योग्य ते करणं ही दोन वेगळी कामं आहेत.

हा सगळा खटाटोप आता कशाला, विजेच्या गाड्या येताहेत, असं मला एकाने सुनावलं. येताहेत, चांगलं आहे. पण ट्रक, ट्रॅक्टर, जनरेटर, खोदाईची यंत्रं अजून कैक वर्षं तेलावर चालतील, आणि मधल्या काळात जुन्या गाड्या अशा हातांत जातील जे ऑइल घरीच बदलतात. पालिकेने कारखाना उभारावा असं कोणी म्हणत नाही. कुलपाची पिंपं, एक माणूस, एक करार. दहा लहान गावांनी मिळून एक करार केला तरी चालतं, उलट तेव्हाच टँकर वेळेवर येतो. आणि आज पिंपं गोळा करत फिरणारे जे छोटे संकलक आहेत त्यांना हाकलून मोठ्या कंपनीला मक्ता देण्याचा मोह टाळावा. कुठल्या गल्लीत कुणाचं पिंप कधी भरतं हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांना नोंदणी द्यावी, बंदिस्त टाकीसाठी कर्ज द्यावं, आणि तेल पुनर्शुद्धीकरणाला पोहोचवल्याच्या पावतीवर वरचे पैसे द्यावेत. भट्टीवाल्यापेक्षा चार पैसे जास्त मिळाले तर गाडी आपोआप वळेल.

सुरुवात घरापासून करावी, म्हणजे पालिकेच्या स्वतःच्या आगारापासून. कचरागाड्या, बस, अग्निशमन बंब, पाण्याचे टँकर. मोठ्या कचरागाडीच्या इंजिनात एका वेळी वीस-तीस लिटर तेल बसतं, म्हणजे एका गाडीत माझ्यासारख्या सहा-सात जणांचे कॅन. अमेरिकेत 1993 च्या राष्ट्राध्यक्षीय आदेशाने सरकारी खात्यांना पुनर्शुद्ध वंगण वापरायला सांगितलं, आणि खरेदीसाठी किमान 25 टक्के पुनर्शुद्ध अंशाची शिफारस आजही आहे. गिऱ्हाईक असल्याशिवाय कारखाना टिकत नाही, आणि पालिकेसारखं बांधलेलं गिऱ्हाईक दुसरं नाही. आगारातला फोरमन कुरकुरेल. जुन्याचं तेल माझ्या इंजिनात नको म्हणेल. त्याला डब्यावरचा दर्जा दाखवावा आणि दोन गाड्यांवर वर्षभर वापरून पाहायला सांगावं.

त्याच आगारात वापरलेल्या तेलाची नोंदवही असते. तारीख, किती लिटर, कोणी नेलं, कितीला गेलं, सही. कुठे गेलं, हा रकाना नसतो. पुढची निविदा निघण्याआधी तो आखून घ्यावा, आणि तो भरल्याशिवाय अनामत रक्कम परत मिळणार नाही असं खाली लिहावं.